सेलरीचा वाफा

लँकेस्टरच्या क्वीन स्ट्रीटवर एप्रिलातल्या त्या दुपारी जो पाऊस कोसळला, त्यावरून बाजारात अजून भांडणं होतात. चीजवाला शपथेवर सांगतो की थेंब लिंबाएवढे होते. शेजारचा प्रेट्झेलवाला त्याला वेड्यात काढतो. म्हणे लिंबं कसली, चांगली टरबुजं पडत होती, माझी छत्री अजून वाकडी आहे! खरं खोटं नेफ्ताली कोर्देरोला विचारावं. कारण त्या पावसाने त्याच्या केशकर्तनालयाच्या दारात टरबूज-बिरबूज नाही, एक अख्खी मुलगी आणून टाकली. स्कूटरसकट.

स्कूटर म्हणजे मोटारीची नव्हे. एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याने रेटायची, पुढे टोपली लावलेली. इकडे आमिश म्हणून जुन्या वळणाचे ख्रिस्ती लोक राहतात, घरात वीज नाही, दारात मोटार नाही. त्यांना सायकल चालत नाही, ही चालते. का, ते विचारायचं नसतं. मलिंडा झूकने तेच विचारलं होतं, आणि असलं बरंच विचारून झाल्यावर एके दिवशी ती घर सोडून शहरात आली. टोपी सुटली, एप्रन सुटला, पण स्कूटर काही सुटली नाही. उतारावर ती सुटली की बसवालासुद्धा आरशात बघून वाट द्यायचा.

तर मलिंडा छपराखाली शिरली, स्कूटर भिंतीला टेकवली आणि टोपलीतलं जाडजूड पुस्तक आधी पोटाशी पुसलं, मग स्वतःचं तोंड.

"शाळा सुटली वाटतं?" आतून आवाज आला.

एक कुरळ्या केसांचा तरुण हातात कंगवा घेऊन दारात उभा होता. मागे खुर्चीत एक म्हातारं गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्याने वाट बघत होतं.

"कोणाची शाळा?"

"तुझी. ही गाडी आठ वर्षांच्या पोरांची असते ना?"

"तुझ्या दुकानाला चाकं नाहीत म्हणून वाचलास," मलिंडा म्हणाली, "नाहीतर याच गाडीवर शर्यत लावली असती."

"एवढ्या पावसात?"

"पावसातच मजा. कोरड्यात काय, कोणीही जिंकतं."

तो हसला... आणि मलिंडाला उगाचच वाटलं की पाऊस आणखी थोडा वेळ पडायला हरकत नाही. तिने काचेवर रंगवलेलं नाव वाचलं. नेफ्ताली! बायबलातल्या याकोबाच्या बारा मुलांतलं नाव. म्हणजे हा आपल्यातलाच, घर सोडून आलेला. तिने चटकन आपल्या डच बोलीत विचारलं, "कोणाचा तू?" त्या लोकांत ओळखीची सुरुवात अशीच होते. नाव नंतर, आधी बाप.

त्याने कंगव्याने कान खाजवला.

"समजलं नाही? म्हणजे तू इंग्लिश आहेस?"

"मी? इंग्लिश?" त्याने वळून आतल्या म्हाताऱ्याला हाक मारली. "काका, ऐकलंत का? ही मला इंग्लिश म्हणतेय! अगं, माझे आईबाप पोर्तो रिकोचे. माझ्या आईसमोर म्हण एकदा, तवा घेऊन धावेल."

"आमच्यात जो आमिश नाही तो इंग्लिश. पोपसुद्धा इंग्लिश. तो कोपऱ्यावरचा चिनी खानावळवाला, तोही इंग्लिश."

"मग तू कोण? टोपी दिसत नाही."

"मी मधली," मलिंडा म्हणाली, आणि डोक्याचा भिजलेला रुमाल सोडून पिळू लागली. रुमालाबरोबर वेणी सुटली. पाठीवरून, कमरेवरून, खाली गुडघ्यापर्यंत. नेफ्तालीच्या हातातला कंगवा खाली पडला. म्हातारं गिऱ्हाईक म्हणतं, कंगवा नाही, तोच पडला. ते जाऊ द्या.

"हे... कधी कापलेच नाहीत?"

"कधीच नाही."

"तुझ्यासारखी माणसं वाढली तर मी जगायचं कशावर?"

"बोलण्यावर. ते तुला चांगलं जमतंय."

पाऊस थांबला तेव्हा म्हाताऱ्याचं उरलेलं अर्धं डोकं तसंच होतं.

---

ते जाडजूड पुस्तक विजेचं होतं. मलिंडाच्या बापाच्या, म्हणजे तिच्या डॅटच्या, मक्याच्या शेतावरून विजेच्या मोठ्या तारा जायच्या. लोखंडी मनोऱ्यांवरून, घूं घूं करत, या टेकडीवरून त्या टेकडीवर. घरात मात्र रॉकेलचा दिवा. तारा डोक्यावरून जात, एकही घरात वळत नसे. लहानगी मलिंडा मक्यात उभी राहून मान वर करून बघायची. यातून काय जातं? कुठून येतं? एवढी घाई कसली?

तिच्या बोलीत अशा पोरीला एक शब्द आहे, वुन्नरफिट्झिश. नको तिथे नाक खुपसणारी, सारखं का-कसं विचारणारी. शिव्यांत मोडत नाही, पण कौतुकातही नाही. मलिंडाला तो इतक्या वेळा ऐकावा लागला की कोंबड्याही तिला त्याच नावाने ओळखायच्या.

आठवी झाली आणि शाळा संपली. तिची एकटीची नाही, सगळ्यांचीच संपते. त्यापुढे शिकून माणूस गर्विष्ठ होतो असं मोठी माणसं सांगतात. मलिंडाने पाच वर्षं दूध काढलं, लोणची घातली, पण मान वरच. शेवटी बाप्तिस्मा घ्यायची वेळ आली (तो त्यांच्यात मोठेपणी घेतात) तेव्हा ती डॅटला म्हणाली, "आत्ता चर्चला शब्द दिला आणि नंतर मोडला, तर तुम्हाला माझ्याबरोबर एका टेबलावर जेवता यायचं नाही. म्हणून आधीच जाते." डॅटने बराच वेळ घोड्याचा पट्टा पुसला. मग म्हणाला, "स्कूटरला तेल घाल."

शहरात तिची लिडियान मावशी कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवायची. तीही तरुणपणी असंच कुंपण ओलांडून आली होती. मलिंडा तिच्याकडे राहिली, राहिलेली शाळा परीक्षा देऊन पुरी केली, गावातल्या कॉलेजात गेली. आता तिचा डोळा पिट्सबर्गवर होता. राज्याच्या पार पश्चिम टोकाला, मोठं विद्यापीठ, विजेची अभियांत्रिकी.

आणि त्यात हा न्हावी.

मावशीच्या घरी शिवणयंत्राच्या खडखडाटात अभ्यास व्हायचा नाही. नेफ्तालीचं दुकान सोमवारी बंद असायचं. पावसाच्या दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, "माझ्या खुर्चीवर ये की. दिवा चांगला आहे, खुर्ची वर-खाली होते, आणि मी गप्प बसेन." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या.

"तर दाब जास्त असला की प्रवाह जास्त," तो आरसे पुसता पुसता तिची उजळणी घ्यायचा.

"आणि अडथळा जास्त असला की प्रवाह कमी."

"म्हणजे तुझ्यासारखं. मी एवढा दाब देतोय, पण अडथळाच फार."

"पुढचं वाचलं नाहीस," मलिंडा पानावरून नजर न उचलता म्हणायची. "अडथळा असतो तिथेच तार तापते."

यावर तो जो गप्प व्हायचा, तेवढ्यात तिची दोन प्रकरणं वाचून व्हायची. गालांवर मात्र पान उलटताना उगाच ऊन चढायचं.

---

आता त्या शनिवारची गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला.

दुकानात गर्दी होती. नेफ्ताली एका जाड्या माणसाच्या मानेवर केस कापायचं मशीन फिरवत होता, घर्रर्र, घर्रर्र. मलिंडा खिडकीत बसून बाजारातून आणलेले मुळे खात होती आणि सांगत होती. आमच्यात लग्न ठरलं तरी कुणाला सांगत नाहीत. चर्चमध्ये नाव पुकारेपर्यंत आईबापांखेरीज कुणाला पत्ता नसतो. पण सेलरी, ती लांब दांड्यांची पालेभाजी, चुगली करते. नोव्हेंबरातल्या लग्नाला तीनचारशे माणसं जेवतात, सेलरीची भाजी हवीच, टेबलांवर फुलांच्या जागी बरण्यांत सेलरीच्या दांड्या हव्याच. म्हणून उन्हाळ्यात कुणाच्या परसात सेलरीचा मोठा वाफा दिसला की सगळा गाव समजतो. या घरी यंदा लग्न!

"हं," नेफ्ताली म्हणाला. "हं हं. अरे वा."

घर्रर्र.

जूनमध्ये पिट्सबर्गचं उत्तर आलं. जागा मिळाली होती, ऑगस्टच्या अखेरीला निघायचं. मलिंडा स्कूटरवरून जी सुटली ती सरळ दुकानात. नेफ्तालीने तिला उचलून एक गिरकी मारली, गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. "मला माहीतच होतं," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीचा गुण!" मग तो आरसा पुसू लागला. तोच आरसा. पुन्हा तोच. पुन्हा तोच...

मलिंडाने ते पाहिलं.

जुलैत, एका संध्याकाळी, ती नदीकाठच्या रस्त्याने परतत होती. तिथे शहरातल्या लोकांना भाजीसाठी वाफे दिलेले आहेत. कुणाचे टोमॅटो, कुणाच्या मिरच्या. कोर्देरोंच्या वाफ्यात कुणीतरी पाठमोरं वाकलेलं दिसलं. कुरळे केस, घामाने चिकटलेला सदरा. मलिंडाने पाय टेकला. आणि मग तिने वाफा पाहिला.

सेलरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सेलरी! टोमॅटो नाही, मिरची नाही. हिरव्यागार, इवल्या, ताठ रोपांच्या रांगाच रांगा.

नेफ्तालीने मागे वळून हात हलवला. कपाळाला माती, तोंडभर हसू. "तू आत्ता बघायचं नव्हतं!" तो ओरडला. "गुपित आहे!"

मलिंडाची स्कूटर त्या दिवशी चढावरसुद्धा उतारासारखी धावली.

---

"किती रोपं?" लिडियान मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं.

"चारशे माणसांचं जेवण होईल."

"आणि काय म्हणाला?"

"गुपित आहे म्हणाला."

"अगं बाई!" मावशी खुर्चीत बसली. "खरं तर वाफा मुलीच्या घरचे लावतात. पण तुला इथे कुठलं परस? म्हणून बिचाऱ्याने स्वतःच लावला. एवढं तर आमच्या एकाही आमिश पोराला सुचलं नसतं."

"मावशी, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

मावशीने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "मी पण शिक्षिका व्हायला बाहेर पडले होते. पहिल्याच वर्षी तुझे काका भेटले. सोन्यासारखा माणूस. म्हणाले, लग्न झाल्यावर शीक की. मीही म्हटलं, शिकेन की." तिने शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवला. "नोव्हेंबर आला, मग नाताळ, मग बाळं. कुणी मला अडवलं नाही गं. म्हणूनच कुणाला दोषही देता येत नाही."

मलिंडा खिडकीशी गेली. खाली रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. तिला नेफ्ताली हवा होता. हे तिने स्वतःशी एवढ्या स्पष्टपणे पहिल्यांदाच कबूल केलं आणि तिला जराही लाज वाटली नाही. पण पिट्सबर्गही हवं होतं. आठवीत ती थांबली ती स्वतःच्या मर्जीने नव्हे. आता कुणाच्या हसण्यापायी थांबली, तर ते मात्र मर्जीने होईल.

"मी नाही म्हणणार आहे," ती म्हणाली. "पण नीट. त्याचा मान राखून."

"मग डोळे कशाला पुसतेस?"

"कांदा चिरलाय."

"कुठे आहे कांदा?"

"आता चिरणार आहे."

शनिवारी ती बाजारात डॅटच्या गाळ्यावर गेली. डॅट मुरंब्याच्या बरण्या लावत होता. दाढी छातीवर, टोपी डोळ्यांवर. मलिंडा दर शनिवारी एक बरणी घ्यायला जायची. मावशीच्या कपाटात आता मुरंब्याशिवाय काही मावत नव्हतं.

"वाफा पाहिला," डॅट म्हणाला.

"कुठला वाफा?"

"फार दाट लावलीय पोराने. दोन रोपांत वीतभर अंतर लागतं."

"डॅट! तुम्ही बघायला गेला होतात?"

"रस्त्यात होता."

"तो तुमच्या रस्त्यात नाही."

"भाड्याच्या गाडीवाल्याला म्हटलं, आज इकडून घे." डॅटने एक बरणी उगाच वळवून ठेवली. "माती बरी आहे. पोरगा पाणी वेळेवर घालतो." मग टोपीखालून एक नजर. "मग ते पिट्सबर्ग?"

"तीच तर पंचाईत आहे, डॅट."

त्या दिवशी डॅटने तिला एकाच्या जागी दोन बरण्या दिल्या.

---

त्याच संध्याकाळी मलिंडा वाफ्यावर पोचली. नेफ्ताली पाणी घालत होता. तिने स्कूटर टेकवली, केस बांधले, आणि लढाईला निघाल्यासारखी समोर उभी राहिली.

"मला बोलायचंय. मध्ये बोलायचं नाही."

"मी? मी कधी बोलतो का मध्ये?"

"नेफ्ताली!"

त्याने झारी खाली ठेवली.

"तुझ्यासारखा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही, हे मला कळतं," मलिंडा म्हणाली. "तू दुकानात नसलास की मला पुस्तक समजत नाही आणि असलास की वाचता येत नाही. तू माझ्यासाठी हे एवढं केलंस, आमची रीत लक्षात ठेवलीस... आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं वाकून काही लावलं नव्हतं. पण माझं उत्तर नाही आहे. मी पिट्सबर्गला जाणार. त्या तारांतून काय जातं हे मला कळलं पाहिजे, आणि ते कळेपर्यंत मी कुणाच्या स्वयंपाकघरात उभी राहणार नाही. तुझ्यासुद्धा. रागावू नकोस. सेलरी फार छान आली आहे."

शेजारच्या वाफ्यातली टोमॅटोवाली बाई वाकल्या वाकल्या थांबली.

नेफ्तालीने मातीच्या हाताने कपाळ खाजवलं. "सेलरी?" तो म्हणाला. "कुठली सेलरी?"

एवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "नेफ्ता! रोपवाल्याने सांगितलं मला! दाखव बघू माझं गुपित!" आणि त्याची आई, मिलाग्रोसबाई, हातात टोपली आणि डोळ्यांत पाणी घेऊन लगबगीने आली. "माझं आपियो! किती वर्षांनी... डोंगरातलं आमचं आपियो..." ती वाफ्याशी पोचली. वाकली. एक पान चुरडून हुंगलं. सरळ झाली.

"हे काय आहे?"

"आपियो, आई. तुझ्या वाढदिवसासाठी, म्हणून कुणाला दाखवत नव्हतो. त्या मेक्सिकोच्या रोपवाल्याकडून आणलं. सगळंच्या सगळं घेतलं."

"अरे गाढवा!" मिलाग्रोसबाईंनी टोपली आपटली. "आपलं आपियो म्हणजे कंद! पिवळा, उकडून लोण्याशी खायचा! त्या मेक्सिकोवाल्यांच्या बोलीत आपियो म्हणजे हा पाला! सशांना घालायचा पाला लावलास तू अख्ख्या वाफ्यात! लँकेस्टरात जन्मलं की असं होतं. इंग्लिश झालाय नुसता, इंग्लिश!"

मलिंडा सावकाश खाली बसली. खाली उलटी बादली होती म्हणून बरं झालं, नाहीतर सेलरीतच बसली असती.

म्हणजे त्याने काही विचारलंच नव्हतं. तिने न विचारलेल्या लग्नाला नकार दिला होता. भर वाफ्यात, टोमॅटोवालीसमोर, भाषणासकट.

एखादी लाजून नदीत उडी मारती. मलिंडाला आधी कानापर्यंत रक्त चढलं, मग पोटातून हसू फुटलं, आणि ती असं हसली, असं हसली, की नदीपलीकडची बदकं उडाली म्हणतात.

"तुला सांगितलं होतं मी!" ती कशीबशी म्हणाली. "सेलरी लावली म्हणजे घरी लग्न! त्या शनिवारी! तू हं हं म्हणालास!"

"मशीन चालू होतं!" नेफ्ताली ओरडला. "मशीन चालू असताना न्हावी सगळ्यांनाच हं हं म्हणतो! परवा एकजण म्हणाला माझी बायको पळून गेली, मी म्हटलं अरे वा!"

मग तो थांबला. त्याच्या लक्षात एकेक शब्द आता येत होता, जसे पावसानंतर पागोळीचे थेंब मागाहून पडतात तसे. तो तिच्यासमोर मातीत उकिडवा बसला.

"म्हणजे हा वाफा... मी तुला मागणी घातली असं झालं."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"एकच विचारतो. मग पाहिजे तर स्कूटर अंगावर घाल." त्याचा आवाज पहिल्यांदाच चेष्टेतला नव्हता. "तू नाही म्हणालीस... ते मला, की नोव्हेंबरला?"

मलिंडाने त्याच्या कपाळावरची माती अंगठ्याने पुसली. उत्तर शोधायला वेळ लागला नाही. ते तिला त्या दिवशी खिडकीतच सापडलं होतं.

"नोव्हेंबरला," ती म्हणाली. "तुला कोण नाही म्हणतंय?"

"मग मी थांबतो."

"किती?"

"ते तुझं तू ठरव. मला फक्त लावायचं कधी ते सांग. आता अंतर बरोबर ठेवीन."

"ए बाळे," मिलाग्रोसबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तू शीक. तो कुठे जातोय? त्याला चारशे माणसांचा पाला संपवायचाय."

---

त्या शरद ऋतूत क्वीन स्ट्रीटवर केस कापून घेतलेल्या प्रत्येक माणसाला एक सेलरीचा गड्डा फुकट मिळाला. टक्कल असलेलेही रांगेत उभे राहिले.

मलिंडा मात्र ऑगस्टमध्येच गेली. स्टेशनावर मावशी होती, नेफ्ताली होता, आणि गाडी सुटायच्या बेतात असताना काळी टोपी सावरत डॅटही आला. त्याने स्कूटर हमालाप्रमाणे डब्यात चढवली, चाकाला तेल आहे का ते बोट लावून पाहिलं. खाली उतरला आणि रुळांकडे बघत हळूच म्हणाला, "त्या शेतावरच्या तारा... त्यातून कुठून कुठे काय जातं... कळलं की मला सांग. मलाही लहानपणापासून..." आणि पुढचं त्याने दाढीतच ठेवलं.

कोंबड्याही ज्या नावाने ओळखायच्या ते आपलं नाव कुठून आलं, हे मलिंडाला आज समजलं.

"वुन्नरफिट्झिश," ती म्हणाली.

"हळू," डॅट म्हणाला. "लोक ऐकतील."

पहिल्या नाताळात ती घरी आली तेव्हा बापलेक बर्फात उभे राहून मान वर करून तारा बघत होते.

"खरं सांगू, डॅट? त्यातलं कुणी कुठेच जात नाही. जागच्या जागी थरथरतं. पुढे-मागे, पुढे-मागे. पण त्या थरथरण्यानेच तिकडे दूर कुणाच्या घरात दिवा लागतो."

डॅटने टोपीवरचा बर्फ झटकला. तारा घूं घूं करत होत्या.

"आणि तो न्हावी?" त्याने विचारलं.

"तोही तसाच आहे," मलिंडा म्हणाली.

तिकडे दुकानाच्या खिडकीत उन्हाळा लागला की एक कुंडी दिसायची. तीत सेलरीचं एकच रोप. बाजारातले आमिश लोक जाता येता थांबायचे, दाढीतल्या दाढीत हसायचे.

"लग्न आहे वाटतं?"

"आहे तर. एका रोपाएवढं ठरलंय," नेफ्ताली म्हणायचा. "बाकीची पिट्सबर्गहून यायचीत."

पहिला उन्हाळा गेला, दुसराही गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, पुन्हा तसाच पाऊस आला. चीजवाला म्हणतो थेंब लिंबाएवढे होते... पण त्याचं राहू द्या. दुकानात गर्दी होती. नेफ्ताली त्याच म्हाताऱ्या काकांच्या मानेवर मशीन फिरवत होता. छपराखाली काहीतरी करकचून थांबलं.

दारात मलिंडा उभी होती. केस ओले, गुडघ्यापर्यंत. हातात पदवीचं प्रमाणपत्र नव्हतं, ते मावशीने भिंतीला लावायला केव्हाच पळवलं होतं. डॅटच्या शेतावरून जाणाऱ्या त्याच तारांची देखभाल करायची नोकरी तिला मिळाली होती, तेही सांगायचं होतं. पण आधी तिने हातातलं मोठं पसरट खोकं काउंटरवर ठेवलं. आत ओलसर मातीत सेलरीची रोपं होती. इवली, ताठ, हिरवीगार. खूप. आणि दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, ते दाखवायला डॅटने मोजून तोडलेली वीतभर काठी.

ती काहीतरी म्हणाली.

घर्रर्र.

काका नंतर सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या डोक्याचा उजवा भाग पुढचे तीन आठवडे तसाच राहिला, पण माझी काही तक्रार नाही. कारण नेफ्तालीने त्या दिवशी मशीन बंद केलं. नुसतं बंद केलं नाही, वायर ओढून काढली, आणि दुकानात एवढी शांतता झाली की पावसालाही लाज वाटली.

"आता सांग," तो म्हणाला. "पुन्हा सांग. सगळं ऐकू येतंय."

मलिंडाने ओला रुमाल पिळला. पहिल्या दिवशी पिळला होता तसाच.

"म्हटलं," ती म्हणाली, "यंदा नोव्हेंबरात मी मोकळी आहे."